स्थलनामे आणि उपनगराचा इतिहास : बोरिवली परिसर

मुंबईच्या इतिहासाचे लेखन बहुधा सात बेटांपासून सुरू होते आणि माहीमच्या खाडीशी येऊन थांबते. खाडीपलीकडच्या साष्टी बेटाचा उल्लेख त्यात येतो तो मुख्यतः दोन-तीन प्रसंगी: १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला तेव्हा, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला तेव्हा आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला तेव्हा. ह्या प्रसंगांच्या आधी आणि मध्ये तेथे कोण राहत होते, ते आपल्या वस्तीला काय म्हणत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. परिणामी उपनगरे म्हणजे आगगाडीने निर्माण केलेली वसाहत होय आणि तिला स्वतःचा असा इतिहास नाही, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ झालेली आढळते. उपनगरांत वाढलेले आपले विद्यार्थीही प्रबंधासाठी स्थानिक विषय निवडावयाचा झाल्यास पुणे, पैठण वा कोल्हापूरकडे वळतात. स्वतःच्या स्थानकाच्या नावाकडे त्यांचे लक्ष जात नाही.

ही समजूत कितपत खरी आहे, हे एका मर्यादित परिसराच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परिसर निवडला आहे तो बोरिवलीचा. दक्षिणेस पोईसर नदी, उत्तरेस दहिसर नदी, पूर्वेस कान्हेरीचा डोंगर आणि पश्चिमेस गोराईची खाडी, ह्या चतुःसीमेतील व तिच्या काठावरील गावांची नावे हे आपले साधन. लिखित कागदपत्रे जेथे विरळ असतात तेथे स्थलनाम हेच पुष्कळदा एकमेव दीर्घायुषी साधन ठरते. राज्ये बदलतात, घरे पडतात, माणसे स्थलांतर करतात; नाव मात्र नव्या रहिवाशाच्या तोंडी जसेच्या तसे वा थोडे झिजून टिकते. पण ह्याच कारणास्तव ते फसवेही असते, कारण प्रत्येक पिढी जुन्या नावात आपल्याला कळणारा अर्थ वाचू पाहते.

म्हणून प्रारंभीच तीन कसोट्या सांगणे इष्ट होईल. पहिली, नावाचे जुने लिखित रूप उपलब्ध आहे काय? दुसरी, त्या जुन्या रूपापासून आजचे रूप मराठीच्या ज्ञात ध्वनिनियमांनुसार सिद्ध होते काय? तिसरी, भूमीवरील पुरावा, म्हणजे लेणी, शिल्पे, तळी, वस्तीची रचना, त्या अर्थाशी जुळतो काय? तिन्ही कसोट्यांस उतरणारी नावे थोडी असतात. दोहोंस उतरणाऱ्या नावांविषयी संभाव्यतेच्या भाषेत बोलावे. केवळ आजच्या उच्चारावरून लावलेला अर्थ, तो कितीही आकर्षक असला तरी, इतिहास म्हणून स्वीकारू नये.

कान्हेरी आणि मागाठाणे

तिन्ही कसोट्यांस उतरणारे नाव म्हणजे कान्हेरी. येथील लेण्यांतील प्राकृत लेखांत ह्या डोंगराला ‘कन्हसेल’ असे म्हटले आहे. हे संस्कृत ‘कृष्णशैल’चे प्राकृत रूप होय. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील लेखांत हेच स्थान ‘कृष्णगिरि’ ह्या नावाने येते. कृष्णचे प्राकृतात ‘कण्ह’ आणि मराठीत ‘कान्ह’ होते, हे ‘कान्हा’, ‘कान्होबा’ ह्या नावांवरून सर्वांस परिचित आहे. ‘गिरि’तील ग-काराचा लोप होऊन अ आणि इ जवळ आले, म्हणजे त्यांच्या संयोगाने ए-कार होतो. ह्या रीतीने कण्हगिरीपासून ‘कान्हेरी’ सिद्ध होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. डोंगरवाचक दोन पर्यायी शब्दांपैकी ‘शैल’ मागे पडला आणि ‘गिरि’ टिकला. म्हणजे जुन्यातले जुने लिखित रूप हेच आजच्या रूपाचे थेट पूर्वज असते असे नाही. दुसरे असे की, उपलब्ध लेखांत प्राकृत रूप आधी आणि संस्कृत रूप नंतर दिसते. संस्कृत रूप म्हणून ते मूळ, हे समीकरण आपल्या अभ्यासात नेहमीच मांडले जाते; परंतु लोकांच्या तोंडचे नाव पंडितांनी मागाहून संस्कृतात नेले, असेही घडू शकते. आज राष्ट्रीय उद्यानातील विहारभूमीला ‘कृष्णगिरी उपवन’ हे नाव आहे; त्याकडे पाहिले म्हणजे ही प्रक्रिया अद्याप थांबलेली नाही, हे ध्यानात येते.

दुसरे नाव मागाठाण्याचे. बोरिवलीच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव होते. कान्हेरीच्या एका लेखात विहाराला दिलेल्या शेताची नोंद आहे आणि ते शेत ज्या गावात होते त्याचे संस्कृत रूप ‘मंगलस्थान’ असे होते. हे गाव म्हणजेच मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. ‘स्थान’चे ‘ठाण’ होणे नियमास धरून आहे. शिलाहारांच्या लेखांतील ‘श्रीस्थानक’ हेच आजचे ठाणे शहर होय. ‘मंगल’चे ‘मागा’ होताना अनुनासिकाचा आणि ल-काराचा लोप झाला अशी मधली अवस्था मात्र आपल्याला कल्पावी लागते. ध्वनिदृष्ट्या ती अशक्य नाही. सामासिक नावाचा पूर्वभाग वेगाने झिजतो, हा अनुभव आहेच. शिवाय भूमीवरील पुरावा अनुकूल आहे, कारण मागाठाणे येथेही बौद्ध लेणी आहेत. ती आज घरांनी वेढली गेली आहेत. तथापि विहार आणि त्याला अन्न पुरविणारे गाव ह्यांचा संबंध त्या लेण्यांमुळे अधिक स्पष्ट होतो.

ह्याचा अर्थ असा की, ज्या भागात आपण बसथांबा म्हणून उतरतो त्याच्या नावाला दीड हजार वर्षांहून जुना लेखी आधार आहे. मुंबईच्या सात बेटांपैकी किती नावांना एवढा जुना आधार दाखविता येईल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बोरिवली : ‘आवली’ की ‘पल्ली’?

आता प्रत्यक्ष बोरिवलीकडे वळू. ‘बोरी’ ह्या भागाविषयी फारसे दुमत नाही. संस्कृत ‘बदर’पासून प्राकृतात ‘बोर’ होते, हे प्राकृत व्याकरणकारांनी नोंदलेलेच आहे. आणि झाडावरून गावाचे नाव पडणे ही महाराष्ट्रातील अगदी सामान्य गोष्ट आहे. वाद आहे तो ‘वली’विषयी. बोरीच्या झाडांची ‘आवली’, म्हणजे रांग, ती बोरिवली, असे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. ते अर्थाच्या दृष्टीने मोहक आहे, पण ध्वनीच्या दृष्टीने टिकत नाही.

मराठीच्या इतिहासात ल-काराचे दोन मार्ग आहेत. दोन स्वरांमधील एकेरी ल-काराचा मराठीत ‘ळ’ होतो: फल – फळ, मूल – मूळ, काल – काळ. उलट प्राकृतातील द्वित्त ‘ल्ल’चा मराठीत साधा ‘ल’ होतो: मूल्य – मोल्ल – मोल, कल्य – कल्ल – काल, बिल्व – बेल्ल – बेल. ‘काळ’ आणि ‘काल’ हे आपण रोज वापरीत असलेले दोन शब्द ह्या नियमाचे उत्तम उदाहरण होत. ‘आवलि’ ह्या शब्दात ल-कार एकेरी आहे; म्हणूनच त्यापासून मराठीत ‘ओळ’ झाले आणि ‘दीपावलि’पासून ‘दिवाळी’ झाली. बोरिवलीत ‘आवलि’ असती, तर आज आपण ‘बोराळी’ किंवा तत्सम ळ-कारयुक्त नाव उच्चारीत असतो.

‘पल्ली’ शब्दात मात्र ‘ल्ल’ आहे. पल्ली म्हणजे लहान वस्ती, विशेषतः रानालगतची. समासात प-कार दोन स्वरांमध्ये आला म्हणजे त्याचा व-कार होतो: दीप – दिवा, गोपाल – गवळी. ह्या दुसऱ्या उदाहरणात प-काराचा व-कार आणि एकेरी ल-काराचा ळ-कार हे दोन्ही नियम एकत्र दिसतात. तेव्हा बोरि-पल्ली – बोरि-वल्ली – बोरिवली ही परंपरा सरळ लागते. ‘ल्ल’चा ‘ल’ होताना मागील स्वर दीर्घ व्हावा, ही अपेक्षा येथे पुरी होत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तो स्वर नावाच्या मध्यभागी, आघातहीन स्थानी आहे आणि तेथे ऱ्हस्वत्व येणे स्वाभाविक आहे. आजच्या बोलण्यात तर तो स्वर जवळजवळ नाहीसाच झालेला आहे. आपण लिहितो ‘बोरिवली’ आणि म्हणतो ‘बोरिव्ली’. रोमन लिपीत ह्या नावाची जी दोन लेखने रूढ आहेत, त्यांपैकी व आणि ल ह्यांमध्ये स्वर न लिहिणारे लेखन उच्चाराला अधिक जवळचे आहे.

अधिक गंभीर आक्षेप दुसराच आहे. उत्तर कोकणातील कोळी, आगरी इत्यादींच्या बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ ऐकू येतो. मग ‘आवळी’चेच ‘आवली’ झाले नसेल कशावरून? ह्या आक्षेपाचे उत्तर परिसराबाहेर पाहिल्याशिवाय मिळत नाही. ‘-वली’कारान्त नावे केवळ उत्तर कोकणात नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली हे नाव घ्या. तेथील बोलीत ‘ळ’ शाबूत आहे; तरीही नावात ‘ल’च आहे. तेव्हा ह्या प्रत्ययातील ल-कार बोलीविशिष्ट नसून व्युत्पत्तिजन्य आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एकट्या बोरिवलीवरून जे सिद्ध झाले नसते, ते नावांच्या कुटुंबावरून सिद्ध होते. स्थलनामांचा अभ्यास सुट्या नावाने न करता गटाने करावा, हा धडा येथून घ्यावयाचा.

ह्याच कुटुंबात ‘-ओली’कारान्त नावे येतात. ‘अव’चा ‘ओ’ होणे मराठीत परिचित आहे: लवण – लोण. म्हणून बोरिवलीलगतची शिंपोली ही बोरिवलीची भगिनीच समजावी. कांदिवली स्थानक १९०७ मध्ये झाले तेव्हा त्याचे नाव ‘खांदोली’ असे लिहिले जात होते. एकाच गावाच्या नावात ‘-इवली’ आणि ‘-ओली’ अशी दोन रूपे आढळावीत, ही गोष्ट ह्या दोन प्रत्ययांचे मूळ एक असल्याचे सुचविते.

‘पल्ली’चा द्राविड भाषांतील ‘पळ्ळि’शी आणि कन्नडातील ‘हळ्ळी’शी असलेला संबंध प्रसिद्ध आहे. त्यावरून साष्टीत एके काळी द्राविडभाषी वस्ती होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शब्द एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा बोलणारे त्याच्याबरोबर गेलेच पाहिजेत असे नाही. ‘-वली’वरून एवढेच निश्चित म्हणता येते की, ही गावे रानाच्या कडेच्या लहान वस्त्या म्हणून प्रथम ओळखली गेली आणि हे नामकरण ‘पल्ली’ हा शब्द वस्तीवाचक म्हणून जिवंत असताना झाले.

मंडपेश्वर आणि त्याचे रूपांतर

दहिसर नदीच्या दक्षिणेस मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ते ताब्यात घेऊन तेथे प्रार्थनास्थळ केले आणि वर मठ बांधला. पोर्तुगीजांच्या लेखनात ह्या स्थानाची ‘मोन्पासेर’, ‘मोंत पेझिएर’ अशी रूपे आढळतात. परकीय लेखणीने नाव विद्रूप केले असे म्हणून ती बाजूस सारण्यात येतात. वस्तुतः पोर्तुगीज लेखक जे ऐकत होते ते त्यांनी आपल्या लिपीत उतरविले आहे. म्हणून ही रूपे म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांतील उच्चाराचा एक पुरावाच होय.

तो पुरावा काय सांगतो? एक, ‘-एश्वर’चा उच्चार ‘-एसर’सारखा होत होता. दोन, ‘मंडप’मधील प-कार कायम होता. मराठीत ‘मंडप’चे तद्भव रूप ‘मांडव’ आहे. सामान्य झिजेने हे नाव आले असते, तर ते ‘मांडवेसर’सारखे ऐकू आले असते. प-कार टिकला, ह्यावरून हे नाव पूजाअर्चेच्या निमित्ताने संस्कृत वळणाने वारंवार उच्चारले जात असावे, असे अनुमान करता येते. गावाचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी झिजते. देवाचे नाव पुजाऱ्याच्या तोंडी पुनःपुन्हा ताजे होते. मंगलस्थानचे मागाठाणे झाले आणि मंडपेश्वर मंडपेश्वरच राहिला, ह्यातील भेदाचे कारण बहुधा हेच.

पुढे ‘मोन्’ ह्या पहिल्या अवयवात डोंगरवाचक युरोपीय शब्द वाचला गेला. लेणे डोंगरावर असल्यामुळे तो अर्थ चपखल बसला. इंग्रजीत त्याचे ‘माउंट’ झाले आणि उरलेला भाग जवळच्या पोईसर गावाच्या रोमन लेखनाशी एकरूप होऊन ‘माउंट पॉइन्सर’ हे नाव तयार झाले. वास्तविक पोईसर हे गाव निराळे, दक्षिणेस नदीकाठी आहे. लोकव्युत्पत्ती ही अडाण्यांची करामत नव्हे. शिकलेले लोकही ती तितक्याच सहजतेने करतात, ह्याचे हे बोधप्रद उदाहरण होय.

येथे एक मोह उत्पन्न होतो. ‘-एश्वर’चे ‘-एसर’ झाले, तर दहिसर, एक्सर, पोईसर ही नावेही अशीच कोणा ईश्वराची असतील काय? तसे म्हणण्यास आपल्याजवळ आधार नाही. ‘सर’ हा तळ्याचा वाचकही असू शकतो. ह्या तिन्ही नावांचे जुने रूप हाती येईपर्यंत निर्णय राखून ठेवणे हीच शास्त्रीय वृत्ती. नावाचा अर्थ अनिश्चित असला तरी गावाचे जुनेपण मात्र अनिश्चित नसते. एक्सर येथील सहा वीरगळ प्रसिद्ध आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांतून चाललेले युद्ध कोरलेले आहे आणि १२६५ च्या सुमारास शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव ह्यांच्यात झालेल्या संघर्षाशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. समुद्रयुद्धाचे स्मारक ज्या गावात उभारले जाते ते गाव रानातील चार झोपड्यांचे नसते.

पाडा, गाव आणि बेटाचे नाव

‘-वली’हून निराळा, पण तितकाच महत्त्वाचा अवयव म्हणजे ‘पाडा’: ओवरीपाडा, देवीपाडा, दत्तपाडा, कांदरपाडा. संस्कृत ‘पाटक’ म्हणजे गावाचा एक भाग किंवा वाडी. त्यापासून ‘पाडा’ नियमाने सिद्ध होतो. डोंगरातील वारली वस्त्यांना आजही पाडाच म्हणतात. ‘-वली’ आणि ‘-पाडा’ ह्यांत व्याकरणदृष्ट्या मोठा भेद आहे. ‘वली’ हा आज स्वतंत्र शब्द नाही. त्यापासून नवे नाव कोणी बनवीत नाही. ‘पाडा’ मात्र स्वतंत्र शब्द म्हणून चालतो आणि देवी, दत्त ह्यांसारख्या, अर्थ उघड असणाऱ्या पूर्वपदांना लागतो. मृत अवयवाची नावे सामान्यतः जुनी आणि जिवंत अवयवाची नावे तुलनेने नवी, ह्या तत्त्वानुसार परिसरातील वस्तीचे दोन थर आपल्याला वेगळे करता येतात: आधी ‘-वली’ची मूळ गावे, नंतर त्यांतून फुटलेले पाडे.

हे सर्व ज्या बेटावर घडले त्याच्या नावातही वस्तीची आठवण आहे. शिलाहार छित्तराजाच्या १०२६ च्या ताम्रपटात ह्या विभागाला ‘षट्षष्टि’ म्हटले आहे. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट, अर्थात सहासष्ट गावांचा समूह; त्याचेच ‘साष्टी’ झाले आणि पोर्तुगीजांमार्फत ‘साल्सेत’. त्या ताम्रपटात दान दिलेले शेत ‘नौर’ गावातील आहे; भांडुप-मुलुंड दरम्यानचे नाहूर ते हेच, असे मानले जाते. नाहूरला रेल्वेचे स्थानक मिळाले ते २००३ मध्ये. ह्याच प्रदेशातील गावांची नावे ‘महिकावतीची बखर’ ह्या ग्रंथातही येतात. वि. का. राजवाडे ह्यांनी १९२४ मध्ये ती प्रसिद्ध केली. बखरीतील वंशावळी आणि प्रसंग पारखून घ्यावे लागतात. परंतु गावांची नावे रचणाऱ्याला ती ठाऊक असल्याशिवाय लिहिता आली नसती, एवढे तरी खरे.

स्थानकाचे नाव

आगगाडीने उपनगरे निर्माण केली नाहीत हे एव्हाना स्पष्ट झाले असेल. पण तिने एक गोष्ट निश्चितपणे केली: अनेक नावांतून एकाची निवड केली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते मुंबई बॅकबे अशी दिवसाला एक गाडी सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या यादीत ‘बेरेवला’, ‘पहाडी’, ‘अंदारू’ अशी नावे आढळतात. बेरेवला म्हणजे बोरिवली आणि अंदारू म्हणजे अंधेरी, हे उघड आहे. पहाडी हे आजच्या गोरेगाव भागातील गाव. पुढे स्थानकाला गोरेगाव हे नाव मिळाले आणि पहाडी रस्त्याच्या व भूमापनाच्या नोंदीपुरते उरले. कोणत्या गावाचे नाव फलकावर जावे, हे त्या गावाच्या जुनेपणावर अवलंबून नव्हते. रूळ कोठून गेले आणि फलाट कोठे बांधला, ह्यावर होते.

१९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. ती पुढे विरारपर्यंत गेली १९३६ मध्ये. मधली आठ वर्षे बोरिवली हे विजेच्या गाडीचे अंतिम स्थानक होते. गाडीवरील पाटीवर ते नाव रोज शहरात मिरवले गेले आणि हळूहळू आसपासच्या सर्व गावांस लागू झाले. बाभई, वझिरा, शिंपोली, एक्सर, मागाठाणे येथे राहणारा मनुष्य ‘मी बोरिवलीस राहतो’ असे म्हणू लागला. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा शहरात समाविष्ट झाली ती प्रत्यक्षात गावे, पण लोकांच्या मनात स्थानके.

नावांचे स्थलांतरही घडले. गोराई हे मूळ गाव खाडीच्या पलीकडे आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची ती जुनी वस्ती. ‘ईस्ट इंडियन’ हे समाजनामदेखील १८८७ चे आहे. त्या समाजाची मराठी बोली आणि त्याची गावठाणे मात्र त्याहून कितीतरी जुनी. खाडीच्या अलीकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सरकारी योजनेतून मोठी वसाहत झाली आणि तीही गोराईच म्हटली जाऊ लागली. आज ‘गोराई’ म्हटल्यावर बहुसंख्य बोरिवलीकरांच्या डोळ्यांपुढे ही नवी वसाहत येते. मूळ गावाला वेगळे दर्शविण्यासाठी ‘गोराई गाव’ असे म्हणावे लागते. नव्या वस्तीने नाव घेतले आणि जुन्या वस्तीला विशेषण लावावे लागले.

फलकावर परतलेली नावे

२ एप्रिल २०२२ रोजी उपनगरांत मेट्रोचे दोन मार्ग अंशतः सुरू झाले. त्यांच्या स्थानकांची नावे पाहिली म्हणजे स्थलनामांच्या अभ्यासकास विस्मय वाटतो: मागाठाणे, पोईसर, आकुर्ली, कुरार, देवीपाडा, ओवरीपाडा, एक्सर, मंडपेश्वर, कांदरपाडा. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेने जी नावे झाकली, ती एकविसाव्या शतकातील मेट्रोने पुन्हा फलकावर आणली. ज्या मंगलस्थानातील शेत कान्हेरीच्या भिक्षूंना मिळाले, त्याचे नाव आज दर काही मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून उच्चारले जाते. ही समाधानाची गोष्ट आहे, ह्यात शंका नाही.

परंतु नाव फलकावर असणे आणि नाव भाषेत असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषेत नाव जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी व्याकरणिक खूण आहे. मराठीत जिवंत नामाला विभक्तीपूर्वी सामान्यरूप होते. ठाणे येथे राहणारा जुना मनुष्य ‘ठाण्याला’ म्हणतो, ‘ठाणेला’ म्हणत नाही. वांद्रे येथील ‘वांद्र्याला’ म्हणतो. त्याच न्यायाने ‘मागाठाण्याला’ असे म्हटले पाहिजे. ज्याने हे नाव केवळ फलकावर वाचले तो ‘मागाठाणेला’ म्हणेल, कारण त्याच्या दृष्टीने ते नाम नसून एक शिक्का आहे. हा दोष त्याचा नव्हे. ज्याच्याकडून सामान्यरूप ऐकावयाचे तो मनुष्य त्याला भेटलाच नाही. लेख, ताम्रपट आणि पोर्तुगीज कागद ह्यांतून नावाचे रूप मिळते. त्याची चालण्याची रीत मात्र बोलणाऱ्याच्या मुखातूनच मिळते.

असे बोलणारे अजून आहेत. परिसरातील गावठाणांत, कोळीवाड्यांत आणि डोंगरातील पाड्यांत अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांना शेतांची, खाचरांची, तळ्यांची, ओढ्यांची, बांधांची नावे ठाऊक आहेत. गावाची नावे भूमापनात नोंदलेली असतात. ही बारीक नावे कोठेही नोंदलेली नसण्याचा संभव अधिक. इमारती उभ्या राहताना शेत जाते, शेताबरोबर त्याचे नाव जाते आणि ते नाव उच्चारणारा शेवटचा मनुष्य गेला म्हणजे पुढच्या अभ्यासकास कोणतीही कसोटी लावता येत नाही.

म्हणून विभागातील विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येकाने आपल्या राहत्या वस्तीलगतचे एक गावठाण निवडावे. वृद्ध रहिवाशांच्या तोंडून तेथील नावे ध्वनिमुद्रित करावीत. नाव नुसते विचारू नये, तर ‘तेथे जातो’, ‘तेथून आलो’, ‘तेथला’ अशा वाक्यांत बोलवून घ्यावे, म्हणजे सामान्यरूप आणि आघात दोन्ही मिळतील. स्त्रियांकडून आणि पुरुषांकडून, मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांतून आणि वारली कुटुंबांतून स्वतंत्रपणे नोंद करावी, कारण एकाच ओढ्याचे नाव दोन समाजांत भिन्न असू शकते. सांगणारा अर्थ सांगेल तोही टिपावा, मात्र ‘लोकसमजूत’ ह्या सदराखाली. आणि नोंदीवर दिनांक घालावा, कारण आजची नोंद हेच उद्याचे ‘जुने रूप’ होय.

कन्हसेल कोरणाऱ्या अज्ञात पाथरवटाने आपल्या काळचा उच्चार दगडावर ठेवला, म्हणून आज आपण कान्हेरीविषयी निश्चयाने बोलू शकतो. बोरिवलीचे तसे जुने रूप हाती नसल्याने तिच्याविषयी आपल्याला ध्वनिनियमांच्या आधाराने, संभाव्यतेच्या भाषेत बोलावे लागले. उपनगराला इतिहास नाही असे नव्हे. त्याची नोंद करण्याचे काम अपुरे राहिले आहे, आणि ते काम ज्यांनी करावयाचे ते त्याच स्थानकांवरून रोज ये-जा करीत आहेत.